‘मोल’, ‘प्रतिहेरगिरी’ आणि आपला जुना ‘फितूर’

प्रश्न असा आला आहे : “सीआयए या अमेरिकी गुप्तचर संस्थेतल्या ऑल्ड्रिच एम्सने सोव्हिएतांना गुपितं विकली, त्या प्रकरणातल्या यंत्रणेच्या त्रुटींवरच्या एका लेखाचा अनुवाद करतेय. काउंटर-इंटेलिजन्सला ‘प्रतिहेरगिरी’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘मोल’ला, म्हणजे आपल्या यंत्रणेत राहून शत्रूचं काम करणाऱ्याला, काय म्हणू? कोशात तीळ, चिचुंद्री आणि बंदराचा धक्का असे तीन अर्थ दिले आहेत.”

धक्का आणि तीळ सोडून देऊ. चिचुंद्री निदान प्राण्यांच्या वळणावर नेते, पण आपल्याकडे ती घरात भिंतीच्या कडेने फिरते आणि वास सोडते. इंग्रजीतला मोल जमिनीखाली बीळ करून राहतो. ‘सीआयएमध्ये चिचुंद्री शिरली’ असं लिहिलंत तर वाचक पिंजरा शोधायला जाईल.

आधी ‘प्रतिहेरगिरी’ पाहू. शब्द वर्तमानपत्रांत रुळलाय, समजतोही. माझी कुरकुर त्यातल्या ‘प्रति’वर आहे. प्रतिहल्ला म्हणजे त्यांनी केला म्हणून आपण केलेला हल्ला. त्या चालीवर प्रतिहेरगिरी म्हणजे त्यांनी हेर पाठवले म्हणून आपणही पाठवले, असं कानाला वाटतं. काउंटर-इंटेलिजन्सचं मूळ काम वेगळं : परक्याचे हेर आपल्या घरात कुठे आहेत ते शोधणं, आणि आपली माणसं अजून आपलीच आहेत ना याची खात्री करत राहणं. ‘प्रति’ची नजर कुंपणाबाहेर असते, हे काम बरंचसं कुंपणाच्या आतलं. सरकारी मराठीत इंटेलिजन्सला ‘गुप्तवार्ता’ म्हणतात (आपला राज्य गुप्तवार्ता विभाग आहेच), त्यावरून ‘प्रतिगुप्तवार्ता’ होईल. पण ते वाचताना दात सांभाळावे लागतात. खात्याबद्दल लिहिताना मी ‘हेरगिरीविरोधी विभाग’ लिहीन.

आता ‘मोल’. इथे मराठी गरीब नाही, उलट निवड करावी लागते.

‘हेर’ आपला जुना शब्द, ‘हेरणे’ या क्रियापदाच्या घरातला. ‘जासूद’ अरबी-फारसीतल्या ‘जासूस’चा, पण पेशवाईपर्यंत तो पत्रं पोचवणाराही झाला. पेशवेकालीन कागदांत जासूद-जोडी रवाना होते तेव्हा दरवेळी हेरगिरीच चाललेली असते असं नाही. हे दोघेही मुळात बाहेर जाऊन बघणारे. आतून पोखरणाऱ्यासाठी आपल्याकडे ‘घरभेदी’ आहे आणि ‘फितूर’ आहे.

‘फितूर’वर थोडं थांबावंसं वाटतं. अरबी ‘फुतूर’चा अर्थ ढिलेपणा, कमजोरी. उर्दूत ‘दिमाग का फितूर’ म्हणतात तेव्हा डोक्यातला बिघाड अभिप्रेत असतो. मराठीत हा शब्द किल्ल्यांच्या आणि छावण्यांच्या राजकारणात शिरला आणि बिघाडाऐवजी बिघडलेल्या माणसालाच चिकटला. पुढे फितणे, फितवणे, फंदफितुरी असा गोतावळा झाला. आज कोर्टाच्या बातमीत साक्षीदारही फितूर होतो. तुमच्या लेखाचा विषय यंत्रणेतल्या ‘त्रुटी’ आहे ना? त्रुटी आणि ती त्रुटी वापरणारा माणूस, दोन्ही या एका शब्दाच्या पोटात आहेत.

पण एम्स मोल आहे का? काटेकोर अर्थाने मोल म्हणजे आधी शत्रूचा झालेला आणि मग आपल्यात शिरलेला. त्याचा खरा नमुना ब्रिटिशांचा किम फिल्बी. जन्म आपल्याकडच्या अंबाल्याचा, 1912 चा. सोव्हिएतांनी त्याला 1934 मध्ये गळाला लावलं, ब्रिटिश गुप्तहेर खात्यात तो 1940 मध्ये शिरला, आणि 1944 मध्ये सोव्हिएत हेरांवर नजर ठेवणाऱ्या विभागाचा प्रमुखच झाला. पुढच्याच वर्षी इस्तंबूलमध्ये व्होल्कोव्ह नावाचा सोव्हिएत अधिकारी, लंडनमधल्या सोव्हिएत हेरांची नावं देतो, असं सांगत ब्रिटिशांकडे आला. त्यातला एक तर हेरगिरीविरोधी विभागाचाच प्रमुख आहे, असंही म्हणाला. तो कागद फिरत फिरत आला फिल्बीच्याच टेबलावर! त्याने मॉस्कोला कळवलं, स्वतः सावकाश इस्तंबूलला गेला, तोवर व्होल्कोव्हला विमानात घालून नेलं होतं. अशा माणसासाठी मी ‘पेरलेला हेर’ म्हणेन.

एम्सचं उलट आहे. तो सीआयएत जुना नोकर, तिथल्या सोव्हिएत शाखेत हेरगिरीविरोधी कामाचाच प्रमुख. कर्जात बुडालेला. 1985 च्या एप्रिलमध्ये तो आपण होऊन वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत गेला. कुणी पेरला नाही, तो फितला. म्हणून एम्स ‘फितूर’, आणि जिथे घरातली माहिती बाहेर गेल्यावर भर असेल तिथे ‘घरभेदी’.

‘डबल एजंट’साठी मात्र या दोन्हींपैकी काही वापरू नका. कौटिल्याने नेमका शब्द करून ठेवलाय : ‘उभयवेतन’. आपला हेर शत्रूच्या पदरी नोकरी धरतो, पगार दोन्हीकडून, निष्ठा आपल्याकडे. आणि निष्ठा टिकावी म्हणून बायकामुलं राजाच्या ताब्यात. लगेच पुढे तो बजावतो की शत्रूनेही असे पाठवलेले असतील, ते ओळखा, ‘तेषां शौचं च तद्विधैः’, त्यांची शुद्धता त्यांच्यासारख्याच माणसांकडून तपासा. (इथला ‘शौच’ म्हणजे सचोटी. शब्दाचं पुढे काय झालं ते सकाळी सकाळी सांगायला नको.) ही सचोटी पारखण्यासाठी रचलेल्या गुप्त परीक्षांना तो ‘उपधा’ म्हणतो : धर्माची, अर्थाची, कामाची आणि भयाची. व्याकरणवाल्यांना उपधा म्हणजे शब्दातला शेवटून दुसरा वर्ण एवढंच आठवतं, पण ‘व्हेटिंग’ला, म्हणजे माणूस विश्वासाचा आहे का या तपासणीला, हा शब्द चपखल बसतो.

एम्स अर्थोपधेत, म्हणजे पैशाच्या परीक्षेत, सरळ नापास होता. अर्लिंग्टनमध्ये 5 लाख 40 हजार डॉलरचं घर रोखीने, दारात जॅग्वार, पगार सत्तर हजारांच्या आत. सहकाऱ्यांना वाटलं, कोलंबियन बायकोच्या माहेरचा पैसा असेल. 1986 आणि 1991 अशा दोन्ही लाय-डिटेक्टर चाचण्या तो पार झाला. मधल्या काळात त्याने नावं दिलेल्यांपैकी किमान दहा जण मारले गेले. अटक झाली फेब्रुवारी 1994 मध्ये.

तुमच्या लेखातलं वाक्य मग मी असं करेन : ‘हेरगिरीविरोधी व्यवस्थाच ढिली असल्याने सीआयएतला फितूर जवळजवळ नऊ वर्षं सापडला नाही.’ ‘प्रतिहेरगिरी’ ठेवायचीच असेल तर ठेवा, संपादक हरकत घेणार नाहीत. फक्त चिचुंद्री काढा.