यूएसबी बोर्ड आणि घरी जोडलेला डॅक : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : यूएसबी-आयटूएस बोर्डाच्या (यूएसबीवरचा आवाज आयटूएस या डिजिटल सिग्नलमध्ये देणारा बोर्ड) तारा पीसीएम५१०२ए या डॅक चिपच्या (डिजिटल आकड्यांचा ऐकू येणारा सिग्नल करणारी चिप) जांभळ्या मॉड्यूलला जोडल्या. कॉम्प्युटरला बोर्ड दिसतो, गाणं चालू असल्याचंही दिसतं, पण आवाज येत नाही. मध्ये एकदा नुसती खरखर आली. चिप उडाली असेल का? – ऐरोली

उत्तर : तसं वाटत नाही. नवीन मॉड्यूल आणायला लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी हातातलं मॉड्यूल उलटं करा. मागच्या बाजूला १ ते ४ आकड्यांचे पॅड आहेत आणि प्रत्येकाच्या एका अंगाला एच, दुसऱ्या अंगाला एल लिहिलंय. कित्येक मॉड्यूलवर हे पॅड मोकळेच येतात. सोल्डरचा छोटा थेंब देऊन १, २ आणि ४ हे एलकडे जोडा, ३ मात्र एचकडे. तिसरा पॅड म्हणजे म्यूट. तो एचकडे नसेल तर चिप गप्प बसते, बाकी सगळं बरोबर असलं तरी. चौथा फॉरमॅटचा आहे. तो चुकून एचकडे गेला तर चिप डेटा एक बिट आधीच वाचायला लागते, चिन्हाच्या बिटाच्या जागी भलताच बिट येतो आणि गाण्याची चाल कळते पण आवाज फाटलेला, कर्कश येतो.

आता पुढची बाजू. एससीके (मास्टर क्लॉक) पिनजवळ एक पॅड आहे, तो जोडला की एससीके ग्राउंडला जातो आणि चिप लागणारं घड्याळ, म्हणजे ठरावीक ठोक्यांचा सिग्नल, बीसीकेवरून (बिट क्लॉकवरून) स्वतः तयार करते. तुमच्यासाठी हेच सोयीचं. एससीके लटकत ठेवू नका. लटकती पिन आजूबाजूचा गोंगाट उचलते आणि चिपला ते घड्याळ वाटू शकतं. तुम्हाला आलेली खरखर याचीच असू शकते. आणि पॅड जोडलेला असताना यूएसबी बोर्डाची मास्टर क्लॉकची तार तिथे लावलीत, तर बोर्डाचं आउटपुट थेट शॉर्ट होईल. ती तार काढूनच ठेवा.

एवढं करूनही शांतता असेल तर साधा मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी प्रोब ग्राउंडला, लाल प्रोब एलसीकेवर (डावा-उजवा चॅनेल सांगणारं घड्याळ). गाणं चालू असताना साधारण १.६५ व्होल्ट दिसायला हवेत, कारण तिथे ० आणि ३.३ व्होल्ट यांच्यात निम्मा-निम्मा वेळ जातो. बीसीकेवरही जवळपास तेवढेच. डीआयएनवर (डेटाच्या पिनवर) आकडा हलता राहील आणि गाणं थांबवलं की शून्याकडे जाईल. एलसीकेवर ० किंवा ३.३ स्थिर असेल तर बोर्ड घड्याळच पाठवत नाही, मग कॉम्प्युटरकडे बघा. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओ क्लास २ चा ड्रायव्हर आतच आहे. त्याआधीच्या विंडोजला बोर्डाचा स्वतःचा ड्रायव्हर लागतो.

ब्रेडबोर्डच्या (सोल्डर न करता खोचायच्या) जम्पर तारा लावल्या असतील तर त्या मात्र काढाच. खाडीकाठच्या दमट हवेत त्यांच्या टोकांवर मळ चढतो, पकड सैल होते, आणि हात लागला की आवाज येतो-जातो. १० सेंटिमीटरच्या आत राहील अशी तार थेट सोल्डर करा, प्रत्येक सिग्नल तारेला तिची ग्राउंडची तार पिळून जोडीला द्या, आणि यूएसबी बोर्डाच्या टोकाला प्रत्येक सिग्नलमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये टाका. बीसीके ४४.१ किलोहर्ट्झला २.८२२४ मेगाहर्ट्झवर चालतो, पण त्याच्या कडा त्याहून कितीतरी वेगवान असतात. लांब तारेत त्या आपटून परत येतात आणि चिप एकच ठोका दोनदा मोजते.

प्रश्न : जुन्या सीडी प्लेअरमधल्या टीडीए१५४१ए या डॅक चिपला यूएसबी बोर्ड जोडला. ९६ किलोहर्ट्झपर्यंत छान वाजतं, १९२ ला नुसता गोंगाट. पण ही चिप प्लेअरमध्ये १७६.४ वर चालत होती ना? – ठाणे, नौपाडा

उत्तर : चालत होती, आणि उत्तर तिथेच आहे. चिपची मर्यादा बिट क्लॉकला आहे : ६.४ मेगाहर्ट्झ. प्लेअरमधला एसएए७२२० फिल्टर डाव्या-उजव्या चॅनेलला प्रत्येकी १६ च बिट पाठवायचा, म्हणजे १७६.४ गुणिले ३२, ५.६४४८ मेगाहर्ट्झ. यूएसबी बोर्ड प्रत्येकी ३२ बिटांच्या जागा पाठवतो, मग ९६ गुणिले ६४ झाले ६.१४४. हे कसंबसं मर्यादेत बसतं. १९२ ला १२.२८८ होतात, ते चिपला झेपत नाहीत. प्लेअर सॉफ्टवेअरमध्येच ९६ ची कमाल ठरवून टाका. चिप १६ बिटांची आहे, खालचे बिट ती टाकून देते, तेव्हा २४ बिटांच्या फाइली सॉफ्टवेअरमध्ये डिदर (बिट कमी करताना मुद्दाम मिसळलेला अगदी बारीक गोंगाट) देऊन १६ वर आणलेल्या बऱ्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत : एसएए७२२० अजून सॉकेटमध्ये आहे का? असेल तर काढा, किंवा त्याच्याकडून येणारे तीनही ट्रॅक (बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा) तोडा. एका तारेवर दोन आउटपुट एकमेकांशी झगडली तर आज वाजेल, पण कोणतं तरी एक तापून मरेल.

प्रश्न : लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमध्ये घूं आवाज आणि बारीक शिट्टी. आयटूएस तारांमध्ये आयसोलेटर (दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवून फक्त सिग्नल पुढे देणारी चिप) घातला, काही फरक नाही. – वाशी

उत्तर : आयसोलेटर आहे, पण दोन्ही बाजूंची ग्राउंड कुठेतरी एकत्र आलेली आहेत. सगळं बंद करून केबल काढा, मीटर ओहमवर ठेवा आणि यूएसबी सॉकेटचं कवच ते आरसीएचं (आवाज बाहेर नेणाऱ्या सॉकेटचं) ग्राउंड असं मोजा. काहीही जुळायला नको. जुळत असेल तर क्रमाने तीन जागा बघा. आयसोलेटरच्या दोन्ही बाजूंना एकाच ५ व्होल्टवरून पुरवठा दिलाय का? ही सगळ्यात नेहमीची चूक. कॉम्प्युटरकडच्या बाजूला यूएसबीचे ५ व्होल्ट, डॅककडच्या बाजूला डॅकचा स्वतःचा ट्रान्सफॉर्मर, असं हवं. मग पितळी स्पेसर : यूएसबी बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाभोवतीचं तांबं ग्राउंड असतं, आणि पितळेतून ते डब्याच्या पत्र्याला मिळतं. तिथे नायलॉनचे स्पेसर लावा. शेवटी यूएसबी सॉकेटचं कवच मागच्या पत्र्याला टेकतंय का ते पाहा, भोक अर्धा मिलिमीटर मोठं करा.

शिट्टी बहुधा ८ किलोहर्ट्झची आहे. हाय-स्पीड यूएसबीत दर १२५ मायक्रोसेकंदाला नवा ठोका पडतो, तोच ग्राउंडमधून ऐकू येतो. ग्राउंड सुटलं की ती घूं आवाजाबरोबर जाईल.

कुणी सांगेल की अॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढा, आवाज जातो. आवाज जातो हे खरं, पण आत कधी २३० व्होल्टची तार कॅबिनेटला लागली तर त्या दिवशी कॅबिनेटला हात लावणारा माणूसच अर्थिंग होतो. ती पिन जागेवरच राहू द्या.