नाकातून गाठ काढली, मग लगेच स्कॅन कशाला?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार. आमच्या वडलांच्या पिट्यूटरीची (मेंदूच्या तळाशी असलेल्या छोट्या ग्रंथीची) गाठ संभाजीनगरला नाकातून दुर्बिणीनं काढली. दुसऱ्याच दिवशी सीटी केला, त्याच्यात लिहून आलं की डोक्यात हवा आहे, आम्ही लई घाबरलो, आणि आता लगेच एमआरआय पण करा म्हणायलेत. गाठ निघाली ना, मग एवढे फोटो कशाला? गावाकडचे म्हणतात हे सगळं बिल वाढवायला. (एक वाचक, सेलू)

उत्तर : दादा, बिलाची शंका येणं साहजिक आहे, सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन असेल तर पॅकेजमध्ये काय बसतं ते दवाखान्यातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला सरळ विचारा, लाजू नका. पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून दोन्ही फोटोंना कारण आहे. सीटी पहिल्या 24 तासांत करतात तो मुख्यतः रक्त साठलंय का, मेंदूतलं पाणी तुंबलंय का आणि हवा किती आहे ते बघायला. पिट्यूटरीच्या अगदी वर नजरेच्या नसा असतात, तिथं रक्त साठून दाब आला तर नजर जाते, आणि अशा वेळी दोन तास पण महाग पडतात.

हवेचं म्हणाल तर थोडी हवा असणारच, कवटीचा तळ उघडलाय म्हटल्यावर ती आत जाणारच, काही दिवसांत आपोआप जिरते. घाबरायचं कधी, तर पुढच्या फोटोत ती कमी व्हायच्या ऐवजी वाढली तर, कारण मग नाकाकडून कुठून तरी रस्ता उघडा राहिलाय. लई हवा कोंडून मेंदूचे पुढचे दोन भाग दाबले गेले तर फोटोत ते डोंगरासारखे टोकदार दिसतात, त्याला डॉक्टर लोक माउंट फुजी साइन म्हणतात, जपानी डॉक्टरांनी दिलेलं नाव. तेव्हा मात्र इमर्जन्सी. म्हणून पहिल्या सीटीची फिल्म नाहीतर सीडी जपून ठेवा, नंतर तुलना करायला हाताशी काहीतरी लागतंच.

आता एमआरआय. कवटीच्या तळाला मोठं भोक पडलेलं असेल तर सर्जन नाकाच्या मधल्या पडद्याचं अस्तर त्याच्या रक्तवाहिनीसकट फिरवून तिथं झाकण म्हणून लावतात, ही पद्धत 2006 साली अर्जेंटिना आणि पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी मांडली आणि तेव्हापासून मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळायचं प्रमाण बरंच कमी झालं. हे झाकण जिवंत आहे का हे डोळ्यांनी कळत नाही, वरून पॅकिंग (नाकात भरलेले बोळे) असतं, पण कॉन्ट्रास्ट म्हणजे फोटो उजळवणारं औषध शिरेतून दिलं की रक्त पोचलेला तुकडा एमआरआयत उजळतो. उजळला नाही म्हणजे तो मेलाच असं नाही बरं का, कधीकधी नंतर नीट होतो, पण डॉक्टर सावध होतात, पॅकिंग काढायची घाई करत नाहीत, तपासायला लवकर बोलावतात. गळती, इन्फेक्शन सुरू व्हायच्या आधी कोणावर जास्त लक्ष ठेवायचं ते ह्यानं कळतं. तुमच्या वडलांना असं झाकण लावलंय का ते सर्जनला विचारा, छोट्या गाठीत प्रत्येकालाच लावत नाहीत.

प्रश्न : आईचं असंच ऑपरेशन होऊन आठवडा झाला. फोटो क्लीन होता म्हणून सुट्टी दिली. आता वाकली की एका नाकपुडीतून पाणी टपकतं, घशात खारट लागतं म्हणते. घरचे म्हणतात सर्दी आहे, फोटो चांगला होता ना. उदगीरहून परत जायचं म्हणजे अख्खा दिवस मोडतो. (एक वाचक)

उत्तर : ताई, दिवस मोडू द्या, आजच निघा. तो फोटो त्या दिवसाचा होता. शिंकल्यानं, शौचाला जोर लावल्यानं, पॅकिंग निघाल्यावर गळती नंतरही सुरू होते, आणि ते मेंदूभोवतीचं पाणी असलं तर त्याच वाटेनं जंतू वर जातात. ताप, मान आखडणं, उलटी, गुंगी असेल तर जवळच्या मोठ्या दवाखान्यात आधी दाखवा, मग पुढं. थोडं पाणी स्वच्छ बाटलीत धरता आलं तर घेऊन जा, त्यातलं बीटा-2 ट्रान्सफेरिन (मेंदूभोवतीच्या पाण्यात सापडणारं प्रथिन) तपासलं की सर्दीचं का मेंदूचं ते कळतं, नुसती साखर तपासून खात्री होत नाही. गाडीत डोकं उशीवर उंच ठेवा, नाक शिंकरू देऊ नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून.

आणि सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ! हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. पिट्यूटरीच्या ऑपरेशननंतर साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसात सोडियम घसरू शकतं, पेशंट मळमळ म्हणतो, डोकं दुखतं म्हणतो, मग बरळायला लागतो आणि घरच्यांना वाटतं अशक्तपणा आहे. साधी रक्ततपासणी आहे, उदगीरात पण होते, निघायच्या आधी रक्त देऊन जा, रिपोर्ट मोबाइलवर मागवा.

प्रश्न : तीन महिन्यांनी परत एमआरआय सांगितलाय, पहिला वाया गेला का? (एक वाचक, अंबड)

उत्तर : नाही. सुरुवातीच्या एमआरआयत रक्त, पॅकिंग, भोक बुजवायला भरलेली चरबी सगळं एकत्र दिसतं, उरलेली गाठ कोणती ते नक्की सांगणं अवघड जातं. तीन महिन्यांत ते सगळं बसतं, मग पहिल्याशेजारी ठेवून बघतात. जाताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट घेऊन जा, कॉन्ट्रास्ट द्यायच्या आधी मागतात.