बंदिश आणि जॅझ एकाच सॉफ्टवेअरमध्ये लिहिता येतील का?

नाशिकमधील आपल्या वाद्यवृंदात सतार आणि आल्टो सॅक्सोफोन एकत्र वाजणार असल्याने दोन्ही वादकांना वाचता येईल अशी प्रत कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करावी, असे आपण विचारले आहे. माझ्या मते म्युझस्कोर हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. झपतालासाठी (दहा मात्रांचा ताल) 10/4 हे तालचिन्ह घेऊन 2-3-2-3 असे विभाग दाखवावेत आणि स्वरांखालच्या गीताच्या ओळीत सा, रे, ग, म देवनागरीत लिहावेत, म्हणजे सतारवादक ती ओळ वाचेल आणि सॅक्सोफोनवादकाला त्याच्या वाद्याच्या पट्टीत बदललेली प्रत सॉफ्टवेअर आपोआप देईल.

मात्र कागदाकडून फार अपेक्षा ठेवू नये. आयुष्याच्या उत्तरार्धात नाशिकला आश्रम स्थापन करणारे पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी आणि पं. भातखंडे यांनी स्वतंत्र स्वरलेखनपद्धती घडवल्या, तरीही मींडेची (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाण्याची) चाल आणि दरबारी कानडा रागातील गंधाराचे आंदोलन (स्वराला दिलेले संथ हेलकावे) गुरूसमोर बसूनच शिकावे लागते. जॅझमध्येही सहसा केवळ मूळ धून आणि तिच्यावर कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या स्वरसमूहांची) नावे लिहितात. स्विंग या जॅझच्या झुलत्या लयीतले लागोपाठचे दोन स्वर कागदावर समान दिसतात, पण वाजवताना पहिला लांबतो. म्हणून बंदिशीचा मुखडा (सुरुवातीची, पुन्हा पुन्हा येणारी ओळ), तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) आणि एकत्र वाजवायच्या जागा तेवढ्या नेमक्या लिहाव्यात, आलाप आणि सोलोसाठी केवळ आवर्तनांची (तालाच्या पूर्ण फेऱ्यांची) संख्या द्यावी, आणि सरावाआधी प्रत्येकाला मुखड्याचे ध्वनिमुद्रण आवर्जून पाठवावे.