गोळी सुरू करू की नको?

"मॅडम, गोळ्या सोडून काहीही सांगा." मी समुपदेशक आहे. चिंतेचा त्रास घेऊन येणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी सतत ऐकते. त्यामागची भीतीही ठरलेली असते. एकदा सुरू केल्या की सुटत नाहीत, माणूस सुस्त होतो, लोक वेडं समजतात. म्हणून एका बाईंबद्दल लिहिते आहे. नाव आणि ओळखीचे तपशील बदललेले आहेत.

सुनीताताई सांगलीतल्या एका सहकारी बँकेत नोकरीला. वय चाळिशीच्या आसपास. संध्याकाळी कॅश जुळली तरी घरी जाताना पोटात गोळा यायचा. पहाटे तीनला जाग, छातीत धडधड, मग उजाडेपर्यंत मुलीच्या दहावीपासून नवऱ्याच्या बीपीपर्यंत सगळ्याची काळजी. असं वर्षभराहून जास्त चाललेलं. ईसीजी नॉर्मल, थायरॉइडही नॉर्मल. सासूबाई म्हणायच्या, "सगळं चांगलं चाललंय, मग हिला कसली काळजी?"

मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारसरणीच्या आधारे काम करते. प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलच्या आपल्या हट्टी मागण्या आपल्याला जास्त छळतात, हा त्या विचाराचा गाभा. माझ्याकडचे कितीतरी जण एवढ्या वाटेनेच सावरलेत आणि त्याचं मला मनापासून समाधान आहे. सुनीताताई हुशार. 'माझ्या हातून चूक होताच कामा नये' हा आपला हट्ट त्यांनी लवकर ओळखला. घरी करायला दिलेलं सगळं वहीत सुबक लिहून आणायच्या. तरी त्रास तसूभरही हलेना.

मी विचारलं, "रात्री तीनला ही वही उघडता का?"

"उघडते ना. अक्षरं दिसतात, डोक्यात काही शिरत नाही."

या उत्तरापाशी मी थांबले. महिनोन्‌महिने झोप नाही, शरीर सतत धोक्याच्या इशाऱ्यावर. अशा वेळी विचार तपासायला जे बळ लागतं तेच उरत नाही. समज असते, पण ती हाताशी येत नाही. मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सुचवलं. त्यांचा चेहरा उतरला. नवऱ्याचे मामा अनेक वर्षं झोपेच्या गोळीवर होते, ते त्यांनी जवळून पाहिलेलं. "आणि गोळी घेतली म्हणजे मी हरलेच की, मॅडम."

मी समजूत घालत बसले नाही. एवढंच विचारलं, "गोळी न घेण्यासाठी आजवर काय काय मोजलंत?"

बराच वेळ त्या गप्प होत्या. मग एकेक बाहेर आलं. प्रमोशनच्या परीक्षेचा फॉर्म भरला नव्हता. स्कूटर सोडली होती. मिरजेला बहिणीकडे जायचं तरी नवरा सोबत लागायचा. मुलीच्या गॅदरिंगमधून अर्ध्यावर उठून आल्या होत्या. सांगता सांगता त्याच म्हणाल्या, "मी खात्याची एकच बाजू लिहीत होते. दुसऱ्या बाजूला एवढं साचलंय, हे पाहिलंच नाही."

"आणि 'मला गोळीशिवायच बरं व्हायला हवं', ही मागणी कुणासारखी वाटते?"

त्या हसल्या. "कॅशसारखी. म्हणजे बरं होण्यातसुद्धा मी चूक होऊ देत नाहीये."

मला जे सांगायचं होतं ते त्यांनी माझ्यापेक्षा नेमकं सांगितलं. गोळीशिवाय बरं व्हावं ही इच्छा रास्त आहे, तिची अट झाली की तीच चिंतेला खतपाणी घालते.

डॉक्टरांनी त्यांना एसिटालोप्राम हे चिंतेवरचं औषध कमी डोसमध्ये सुरू केलं. पहिला आठवडा मळमळ आणि थोडी जास्तच अस्वस्थता. पण याची कल्पना आधीच दिलेली होती, म्हणून त्या घाबरल्या नाहीत. या गटातल्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. झोप लागू लागली तशी ती जुनी वही उपयोगी पडायला लागली. पुढे बरं वाटू लागल्यावरही त्यांनी काही महिने गोळी चालू ठेवली, मग डॉक्टरांनीच ती हळूहळू कमी करत बंद केली.

मामांची गोळी वेगळ्या जातीची होती, हे मुद्दाम सांगते. अल्प्राझोलामसारखी गोळी तासाभरात शांत करते, पण बराच काळ रोज घेतली तर तिची सवय लागते. म्हणून ती थोड्याच दिवसांसाठी देतात. मेडिकलवाल्याला तिच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. सुनीताताईंच्या गोळीची अशी तलफ लागत नाही. मात्र तीही आपल्या मनाने एकदम बंद केली तर चक्कर, चिडचिड, झोपेचे त्रास होऊ शकतात. दोन्ही गोळ्यांना लोक एकाच मापाने मोजतात आणि निम्मी भीती तिथूनच येते.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं? चिंता सहा महिन्यांच्या वर जवळजवळ रोज असेल, झोप, काम, माणसं यांतलं काही तुटायला लागलं असेल किंवा समुपदेशन चालू असूनही ते आत पोहोचत नसेल तेव्हा. जीव नकोसा वाटत असेल तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर दिवसरात्र चालू असतो. परीक्षेआधीची धाकधूक किंवा घरात कुणी गेल्यानंतरचे दिवस यांसाठी सहसा गोळी लागत नाही. आणि तज्ज्ञांना भेटणं म्हणजे गोळी घेणं नव्हे. मी पाठवलेल्या एका तरुणाला डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आत्ता गरज नाही, समुपदेशन चालू ठेवा, महिन्याने या.

जाताना प्रश्न कागदावर लिहून न्या, समोर बसल्यावर आठवत नाहीत. ही गोळी कशासाठी, किती दिवसांत फरक, सुरुवातीला काय त्रास होईल, कुठला त्रास झाला तर लगेच फोन करायचा, किती महिने घ्यायची, बंद कशी करायची. चालू असलेली सगळी औषधं सांगा, काढे आणि आयुर्वेदिक गोळ्यासुद्धा. दिवस गेलेले असतील किंवा तसा विचार असेल, दारू घेत असाल, तर तेही लपवू नका. घरच्या एकाला तरी सोबत घेऊन जा. सुनीताताई सासूबाईंना घेऊन गेल्या होत्या.