वाचकांचे प्रश्न : साइटवरची माणसं कधी आणि कशी काढायची?

प्रश्न : आमच्या कंपनीचे ११ फिटर-वेल्डर पूर्व आफ्रिकेत एका साखर कारखान्याच्या बॉयलर उभारणीवर आहेत. साइटपासून २०० किलोमीटरवर चकमकी सुरू आहेत, पण विमानतळ चालू आहे. निम्मं बिल अडकलंय, म्हणून थोडं थांबावं म्हणतो. तयारी काय ठेवू?
– एक कारखानदार, कुपवाड एमआयडीसी

उत्तर : विमानतळ चालू आहे तोवरच माणसं काढणं सोपं आणि स्वस्त असतं. सुदानात १५ एप्रिल २०२३ ला लढाई पेटली आणि त्याच दिवशी खार्टूमचा विमानतळ बंद पडला. भारतीयांना सोडवण्याची सरकारी मोहीम, ‘ऑपरेशन कावेरी’, सुरू झाली २४ तारखेला. मधले नऊ दिवस लोक वीज-पाण्यावाचून खोल्यांत कोंडलेले. पुढे बसनं सुमारे ८५० किलोमीटरवरचं पोर्ट सुदान, तिथून नौदलाच्या जहाजानं किंवा हवाई दलाच्या विमानानं जेद्दा आणि मग भारत. युक्रेनमध्ये मुदत मिळाली होती. थांबणं गरजेचं नसलेल्यांनी निघावं, असं दूतावासानं १५ फेब्रुवारी २०२२ लाच कळवलं. हवाई हद्द बंद झाली २४ ला. ‘बघू दोन दिवस’ म्हणणारे अडकले.

म्हणून निघायचं कधी, हे आजच कागदावर लिहा. दूतावासाची पहिली सूचना आली की ज्यांच्यावाचून काम अडत नाही ते परत. एखाद्या विमान कंपनीनं फेऱ्या रद्द केल्या, विमानतळाचा रस्ता एक दिवस जरी बंद राहिला किंवा बँकेतून रोकड मिळेनाशी झाली, की उरलेले सगळे परत. गोळीबार थेट रस्त्यावर आला असेल, तर मात्र हलायचं नाही. तळमजल्यावर, खिडक्यांपासून लांब, आतल्या खोलीत थांबायचं. निघण्याचा निर्णय बिलाच्या मागे असलेल्या माणसाकडे देऊ नका. तो नेहमी आणखी एक दिवस मागतो.

बिलापेक्षा मोठी भीती बँक गॅरंटी (काम पुरं करण्याची बँकेनं दिलेली हमी) वटवली जाण्याची असते, हे आम्हाला ठाऊक आहे. करारातलं ‘फोर्स मेजर’ कलम, म्हणजे युद्धासारख्या आवाक्याबाहेरच्या कारणानं काम थांबलं तर काय, हे सांगणारं कलम, आज काढून वाचा. नोटीस किती दिवसांत आणि कोणत्या पत्त्यावर द्यायची, ते त्यात असतं. दूतावासाच्या सूचनेची प्रत जोडून ती मुदतीत गेली पाहिजे. माणसं आली, नोटीस राहिली आणि गॅरंटी गेली, असं होऊ देऊ नका. ईसीजीसी या निर्यातीच्या पैशांचा विमा देणाऱ्या सरकारी कंपनीची पॉलिसी असेल तर त्यांनाही त्याच दिवशी लेखी कळवा.

आता माणसांची यादी. नाव पासपोर्टवरच्या स्पेलिंगनंच लिहा. साइटवर ज्याला ‘बाळू’ म्हणतात त्याचं पासपोर्टवर भलतंच नाव असतं आणि जहाजाच्या यादीत तो सापडत नाही. पासपोर्ट क्रमांक व मुदत, तिथला राहण्याचा परवाना, रक्तगट, रोजची औषधं आणि घरचे दोन फोन नंबर यादीत हवेत. छापील प्रत साइट इनचार्जकडे, दुसरी कुपवाडला, तिसरी दूतावासात नोंदणीसाठी.

पाणी माणशी रोज ४ लिटर धरा. ११ जणांना सात दिवसांचे ३०८ लिटर होतात. पेट्रोल पंप पहिल्या दोन दिवसांत कोरडे पडतात, म्हणून गाडीची टाकी अर्ध्याखाली कधीच जाऊ देऊ नका. लिटरला ४ किलोमीटर जाणाऱ्या बसला ८५० किलोमीटरसाठी २१० लिटरच्या वर डिझेल लागतं. वळसा पडला तर आणखी. डॉलर छोट्या नोटांत, तीन-चार जणांत वाटून ठेवा, कारण कार्ड मशीन आणि एटीएम नेटवर्कबरोबरच मरतात. वाटेत सैनिकांच्या नाक्यावर मोबाइल तपासतात. सैनिकांचे, रणगाड्यांचे फोटो आधीच पुसा. लष्करी छापाची पँट-टोपी टाकून द्या.

सॅटेलाइट फोन तिथल्या कायद्यात बसत असेल तर तिथेच भाड्यानं घ्या, पण येताना बॅगेत आणू नका. थुराया किंवा इरिडियम कंपनीचा असा फोन विनापरवाना भारतात आणल्यास अटक होऊ शकते. सकाळ-संध्याकाळ ठरल्या वेळी एकानंच हजेरी कळवायची. घरच्यांशीही कंपनीतल्या एकानंच बोलायचं. अकरा घरांतून अकरा अफवा निघाल्या की साइटवरची माणसं आपापल्या वाटेनं पळतात आणि यादी फुटते.

प्रश्न : माझे मिस्टर आखाती देशात कामाला आहेत. पासपोर्ट मालकाकडे आहे. तिथं युद्ध पेटलं तर त्यांनी कसं यायचं?
– एक भगिनी, ता. जावळी, जि. सातारा

उत्तर : ताई, पासपोर्टच्या पहिल्या व शेवटच्या पानाचे आणि व्हिसाचे फोटो आजच मागवून तुमच्या फोनवर ठेवा. पासपोर्ट मिळालाच नाही, तर दूतावास ‘इमर्जन्सी सर्टिफिकेट’ देतो. त्यावर फक्त भारतात परत येता येतं. जिथे देश सोडायला परवानगी लागते, तिथे ती वेगळी मिळवावी लागते. त्यासाठीही दूतावासाकडेच जावं लागतं. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तुम्ही इथूनही तक्रार नोंदवू शकता. नोंदणी क्रमांक जपा. त्यांना एक निक्षून सांगा : स्वतःहून सीमेकडे निघायचं नाही. युक्रेनमध्ये २६ फेब्रुवारी २०२२ ला दूतावासाला हेच बजावावं लागलं, कारण पलीकडच्या देशाशी बोलणं न होता गेलेले लोक थंडीत ताटकळत होते. जून २०२५ मध्ये इराणमधून विद्यार्थी आर्मेनियात गेले, तेही दूतावासानं व्यवस्था केली म्हणून.

प्रश्न : सुटका झाली तरी भारतात विमानतळावर अडवून ठेवतात म्हणे?
– एक वाचक, पलूस

उत्तर : यलो फीवरच्या (डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराच्या) पट्ट्यातल्या देशातून आलात आणि लशीचं कार्ड नसेल, तर हो, सहा दिवसांपर्यंत. सुदानातून आलेल्या शंभराहून जास्त जणांना २०२३ मध्ये असं राहावं लागलं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी कार्ड लागू होतं, मग आयुष्यभर चालतं. लशीचं हे पिवळं कार्ड खोलीवर राहतं आणि माणूस पळतो, म्हणून ते पासपोर्टच्या कव्हरातच ठेवा.