ऊन बघून कपडे घालू नका, पाणी बघून घाला

प्रश्न : मी आणि माझा मित्र कयाकिंग करतो, म्हणजे छोटी अरुंद होडी (कयाक) वल्हवतो. सध्या ऊन मस्त असतं, हवा २२-२३ डिग्री, पाणी मात्र १० च्या आसपास. मित्र म्हणतो हायपोथर्मिया व्हायला अर्धा तास तरी लागतो, तेवढ्यात किनारा गाठू, दोघांना पोहता येतंच. लाइफ जॅकेट घातलं की उकडतं म्हणून मागे बांधून ठेवतो. चालेल ना?

उत्तर : नाही हो, अजिबात नाही. मित्राचा अर्धा तास तसा बरोबर आहे, हायपोथर्मिया म्हणजे शरीराच्या आतलं तापमान ३५ डिग्रीच्या खाली जाणं, आणि त्याला वेळ लागतोच, पण थंड पाण्यात माणसं बरेचदा त्याच्या कितीतरी आधी बुडतात. पडल्या पडल्या आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, तो काही आपण ठरवून घेत नाही, आणि तोंड तेव्हा पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं, वर मिनिटभर तरी अशी धाप लागते की चांगला पोहणाराही गांगरतो. तेवढा वेळ पोहायचंच नाही, नुसतं तरंगायचं. म्हणून जॅकेट अंगावरच हवं. पटत नसेल तर कमरेएवढ्या पाण्यात, कुणालातरी शेजारी उभं करून, ते सोडवून घालून बघा, सगळं समजेल.

श्वास ताळ्यावर आला की साधारण १० मिनिटं हातपाय ऐकतात, नंतर बोटं बधिर होतात आणि साधं बक्कलही लागत नाही. ती १० मिनिटं कयाकवर परत चढण्यात घालवा, किनारा दिसतो त्यापेक्षा लांबच असतो. चढता नाही आलं तर निदान छाती तरी कयाकवर टाका, पाणी हवेच्या जवळपास २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढतं.

आता कपडे. कॉटन नको. वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) नाहीतर ड्रायसूट (आत पाणी येऊ न देणारा), पण ड्रायसूट फक्त कोरडं ठेवतो हां, ऊब त्याच्या आतल्या लोकरीची किंवा फ्लीसची. उकडलं तर मानेवर पाणी मारा, काठावर उकडणं परवडतं.

आणि मित्राला बाहेर काढलंत तर हातपाय चोळू नका, दारू तर नाहीच, आडवं ठेवून ओलं काढा, कोरडं गुंडाळा. अंग गार असतानाच कुडकुडणं थांबलं, बोलणं अडखळायला लागलं तर बरं वाटतंय असं समजू नका, लगेच ॲम्ब्युलन्स बोलवा.