दयारा बुग्याळचा फेरा आम्हाला झेपेल का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी बरीच पत्रं एकाच जागेबद्दल आलीत, उत्तराखंडातल्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं दयारा बुग्याळ. बुग्याळ म्हणजे झाडांची हद्द संपल्यावर वर जे उंचावरचं गवताळ कुरण लागतं ते. सगळी पत्रं एकत्रच घेतो.

प्रश्न : आम्ही चौघी मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या आसपास, मे महिन्याच्या सुट्टीत दयाराला जायचं म्हणायलोय. राजहंसगड, महिपाळगड चढलोय, त्यापलीकडे काही नाही. सगळीकडे ‘मॉडरेट’ लिहिलंय, म्हणजे नेमकं किती अवघड? घरचे नको म्हणायलेत. (एक शिक्षिका, खानापूर)

जा. नक्की जा, आणि घरच्यांना हे उत्तर वाचून दाखवा. दयाराच्या वाटेवर दोर लावायची जागा नाही, कड्याला चिकटून जायचं नाही, हात टेकून चढायचं नाही. मळलेली पायवाट आहे, खाली बांज (तिकडचा ओक) आणि लाल फुलांच्या बुरांशचं जंगल, आणि मग एकदम झाडं संपतात आणि समोर गवताचे उतार सुरू होतात ते नजर पोचेल तिथपर्यंत, पाठीमागे बंदरपूंछ आणि श्रीकंठ ही बर्फाची शिखरं. हे एकदा बघितलं की माणूस बराच वेळ बोलत नाही, खरंच सांगतो.

दोन गावांतून वाट आहे, रैथल आणि बारसू. दोन्ही उत्तरकाशी-गंगोत्री रस्त्यावरच्या भटवाडीच्या वरच्या अंगाला. रैथलकडून कुरणापर्यंत साधारण ६-७ किलोमीटर, बारसूकडून साधारण ८. बरेच लोक एकाच वाटेनं चढून त्याच वाटेनं उतरतात, पण माझं मत विचाराल तर फेरा करा, रैथलहून चढा आणि बरनाला तलावाकडून बारसूला उतरा, म्हणजे दोन वेगळी जंगलं बघायला मिळतात आणि एकच वाट दोनदा तुडवावी लागत नाही. रैथलहून पहिला मुक्काम जंगलातल्या गुई कॅम्पला, दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर निघून कुरण, जमलं तर त्याच्या वरचा माथा, बकरिया टॉप, आणि संध्याकाळच्या आत बरनालाला उतरायचं. तिसऱ्या दिवशी बारसू. मधला दिवस मोठा आहे, त्या दिवशी गुईच्या साडेनऊ हजार फुटांवरून बकरियाच्या १२ हजारांच्या आसपास चढून परत तेवढंच खाली यायचं असतं. त्या दिवशी कुणाला दम लागला, डोकं जड झालं, तर बकरिया सोडून द्या. कुरणावर पोचलात म्हणजे दयारा बघितलं, टॉपला हात लावलाच पाहिजे असं काही नाही.

मॉडरेट हा शब्द चढाबद्दल आहे, उंचीबद्दल नाही, हे मात्र चौघींनी पक्कं डोक्यात ठेवा. बेळगाव-खानापूर पट्टा अडीच हजार फुटांच्या आसपास. १२ हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्केच उरतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन पण तेवढाच. महिपाळगडाला जो चढ तुम्ही गप्पा मारत चढता तोच चढ तिथं दर वीस पावलांना थांबवतो. हे नॉर्मल आहे. बोलता येईल एवढ्याच स्पीडनं चाला.

प्रश्न : आम्ही सहा पोरं आहोत, रोज जिमला जातो, रनिंग पण करतो. सुट्ट्या कमी आहेत म्हणून डेहराडूनहून निघून दुसऱ्याच दिवशी दयारा करून परत यायचा प्लॅन केलाय. जमंल की नाही? (कॉलेज विद्यार्थी, निपाणी)

पाय जमवतील, पण उंची पायांवर जात नाही रे बाबांनो. उंचीचा त्रास कुणाला होणार हे फिटनेसवरून ठरत नाही, उलट फिट पोरंच जोरात चढतात आणि आधी आडवी होतात. शरीराला कमी ऑक्सिजनची सवय व्हायला वेळ लागतो, श्वास वाढतो, लघवी वाढते, रक्तात बदल होतात, आणि हे जिममध्ये होत नाही, फक्त उंचीवर राहून होतं.

म्हणून दिवस वाढवा. डेहराडूनहून मसुरीच्या बाजूनं उत्तरकाशी साधारण १४५ किलोमीटर, घाटरस्ता, दिवस त्यातच जातो, रात्री उत्तरकाशीला झोपा (साधारण ३,८०० फूट). दुसऱ्या रात्री रैथलला, तिसरी गुईला. झोपायची उंची अशी पायरी-पायरीनं वाढवली की बहुतेकांना काही होत नाही.

लक्षणं लिहून घ्या आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना पाठ करायला लावा : डोकेदुखी, मळमळ, जेवण नकोसं होणं, झोप न लागणं. यातलं काही असलं तर त्या दिवशी आणखी वर चढायचं नाही, पाणी प्यायचं, विश्रांती घ्यायची. आणि बसल्या जागी धाप लागली, किंवा एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत चालता येईना, किंवा पोरगा असंबद्ध बोलायला लागला, तर रात्र असो की पाऊस, त्याला लगेच खाली आणायचं, सकाळची वाट बघायची नाही. आणि लपवू नका. ग्रुपमध्ये ‘ह्याला झेपत नाही’ असं नाव पडेल म्हणून पोरं डोकेदुखी लपवतात, आणि खरा धोका तिथंच आहे. उंचीच्या त्रासावरच्या डायमॉक्स गोळीचं विचाराल म्हणून सांगतो, डॉक्टरला विचारूनच घ्यायची, सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते डॉक्टरला आधी सांगायचं, आणि गोळी घेतली म्हणून घाई करायची नाही.

प्रश्न : वडिलांचं वय ६१, बीपीची गोळी चालू आहे. नेऊ का? (शहापूर, बेळगाव)

वय अडचण नाही, बीपी कंट्रोलमध्ये आहे का ते बघायला पाहिजे. निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरकडे नेऊन ‘१२ हजार फुटांवर चालायचंय’ असं स्पष्ट सांगा, नुसतं ‘फिरायला जायचंय’ म्हणू नका. आणि गोळ्या दोन बॅगांत वाटून ठेवा, एक बॅग हरवली तरी अडायला नको.

प्रश्न : इथं बेळगावात राहून तयारी कशी करायची? (येळ्ळूर)

तुम्ही येळ्ळूरचे आणि हे मला विचारताय! गडाचा रस्ता दारातच आहे की. निघायच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा, आठवड्यातून चार दिवस, राजहंसगडाचा रस्ता पाठीवर ५-६ किलोची सॅक घेऊन चढायचा. पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, वजन होतं आणि उतरताना गुडघे कुरकुरले तर ओतून टाकता येतं. उतरायची प्रॅक्टिस मुद्दाम करा, लोक चढायचीच करतात आणि मग बारसूच्या उतारावर मांड्या थरथरायला लागतात. रविवारी देवरवाडीतून वैजनाथ आणि तिथून वर महिपाळगड, हा लांबचा पल्ला ठेवा. शूज नवे असतील तर याच वाटांवर मऊ करून घ्यायचे, हिमालयात नवे शूज म्हणजे पहिल्याच दिवशी फोड.

जून-जुलैत तयारी करणार असाल तर त्याहून चांगलं, कणकुंबी-जांबोटीकडचा पाऊस अंगावर घेतला की तुमचा रेनकोट किती खरा ते कळतं. सुती कपडे तिकडे नकोत, भिजले की वाळत नाहीत आणि अंगातली ऊब ओढून घेतात. पातळ दोन-तीन थर, वर वारा अडवणारं जॅकेट, कानटोपी, हातमोजे. गॉगल आणि टोपी विसरू नका, उंचीवर ऊन थंड वाटतं पण जास्त भाजतं.

प्रश्न : एक एजन्सी वर कुरणावरच टेंट लावून देतो म्हणायलीय, ताऱ्यांखाली झोपायला मिळेल म्हणून. बाकीचे खाली जंगलात थांबवतात. ही ऑफर घ्यावी का? (टिळकवाडी)

नका घेऊ. ऑगस्ट २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टानं बुग्याळांवर रात्रीचा मुक्काम बंद केला, पक्की बांधकामं काढायला सांगितली आणि पर्यटकांची संख्या २०० पर्यंतच ठेवायला सांगितली. म्हणून चांगले गाईड खाली गुईला, बरनालाला थांबवतात. वर टेंट लावतो म्हणणारा माणूस बाकीचे नियम पण पाळणार नाही असं समजा. वनखात्याचं परमिट घेतलंय का हे पण त्याला विचारा, आणि कागद बघायला मागा.

पण नुसता कोर्टाचा नियम म्हणून सांगत नाही. ते गवत वर्षातले कितीतरी महिने बर्फाखाली असतं, वाढायला उन्हाळ्याचे थोडेच दिवस मिळतात. एकदा टेंटखाली, खेचराच्या टापांखाली ते उखडलं की खालची माती उघडी पडते, पहिल्या पावसात घळ पडते आणि घळ दरवर्षी वाढत जाते. दयारावर अशा घळी पडल्यात, वनखात्यानं तिथं काथ्याच्या जाळ्या अंथरून, बांबूचे बांध घालून गवत परत आणायचं काम केलंय. आपल्याकडं खानापूरच्या जंगलातले गवळी-धनगर बघा, गुरं कुठं किती दिवस सोडायची हे त्यांना बरोबर माहीत असतं. रैथलची माणसं पण तशीच, उन्हाळ्यात गुरं घेऊन वर छानीत म्हणजे गुराख्यांच्या झोपडीत राहायला जातात, आणि भाद्रपद संक्रांतीच्या सुमारास, आपल्या ऑगस्टच्या मध्यात, दूध-ताक-लोणी एकमेकांच्या अंगावर उडवून निसर्गाचे आभार मानतात, त्या उत्सवाला अंढूडी म्हणतात. ते कुरण त्यांच्या पोटाचं आहे, आपण तिथं दोन तासांचे पाहुणे. पायवाट सोडून फोटोसाठी गवतात पसरू नका, आणि पुढचा चालतोय त्याच वाटेनं चाला, शेजारून नवी वाट पाडू नका.

प्रश्न : मग त्या ऑगस्टच्या उत्सवालाच जावं का? (जांबोटी)

उत्सव सुंदरच, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी पावसाळा नको म्हणेन. उत्तरकाशी-गंगोत्री रस्ता दरडींचा, दिवस-दिवस बंद पडतो. ५ ऑगस्ट २०२५ ला त्याच रस्त्यावर पुढे धराली गावात पुराचा लोंढा आला तो सगळ्यांनी बघितलाय. मे ते जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर अखेर ते नोव्हेंबर हा काळ धरा. ऑक्टोबरात हवा स्वच्छ, शिखरं स्पष्ट दिसतात, थंडी जास्त. डिसेंबर ते मार्च बर्फ असतो, त्याची तयारी वेगळी.

कुठल्याही महिन्यात दुपारनंतर ढग चढतात, कुरणावर आडोसा नाही, वीज आणि गारांत उघड्यावर सापडायला नको, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत झाडांच्या हद्दीत परत यायचं. जून २०२४ मध्ये उत्तरकाशी-टिहरीच्या हद्दीवरच्या सहस्रताल ट्रेकवर आपल्या कर्नाटकातूनच गेलेल्या ट्रेकर्सच्या, गाईड धरून २२ जणांच्या ग्रुपला वादळानं गाठलं आणि त्यातले ९ जण गेले. ती जागा दयारापेक्षा बरीच उंच आणि अवघड, तरी महिना जूनच होता. गाईड ‘आज वर नको’ म्हणाला तर पैसे भरलेत म्हणून वाद घालू नका.

प्रश्न : जायचं कसं आणि खायला काय न्यायचं? (वडगाव)

बेळगावहून गोवा एक्सप्रेस थेट दिल्लीला हजरत निजामुद्दीनला सोडते, साधारण दीड दिवस धरा, पुढे डेहराडूनला रेल्वे किंवा बस. तिथून उत्तरकाशीला शेअर जीप सकाळीच सुटतात, दुपारी पोचलात तर डेहराडूनलाच झोपा. खायला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दाण्याचे लाडू, तिन्ही टिकतात. उंचीवर भूक मरते तेव्हा कॅम्पवरच्या खिचडीबरोबर चटणी असली की चार घास जास्त जातात. कुंदा रैथलच्या घरमालकांसाठी एक डबा वेगळा ठेवा. प्लास्टिकची पिशवी मोठी घ्या, सगळा कचरा परत डेहराडूनपर्यंत आणायचाय.